अठरा की बावीस? आधी हात बघ

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. मी मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. दिवाळीनंतर साखरपुडा आणि मार्गशीर्षात लग्न आहे. होणारा नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. आम्हाला दोघांनाही रोज बोटात राहतील अशा साध्या, बिनखड्याच्या अंगठ्या करायच्या आहेत. सराफ म्हणतात, रोजच्या वापराला अठरा कॅरेट घ्या. आई म्हणते, अठरा म्हणजे हलकं सोनं, जावयाच्या बोटात हलकं घातलं असं लोक म्हणतील. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, फक्त "आमच्याकडे सगळं बावीसचंच असतं" एवढं बोलल्या. त्याला स्वतःला पांढरं सोनं आवडतं. माझ्या आजीची आठ ग्रॅमची एक जुनी बांगडी आहे, ती मोडून अंगठ्या कराव्यात असं माझ्या मनात आहे. मी नक्की काय करू?

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं. सराफ काय म्हणतात, आई काय म्हणते, सासूबाई काय बोलल्या, सगळं त्यात आलंय. तुमचे दोघांचे हात दिवसभर काय करतात, ते मात्र एकेका ओळीत उरकलंस. माझ्या मते अंगठीचा कॅरेट तिथेच ठरतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. दोघांच्याही अंगठ्या अठरा कॅरेटच्या कर. पिवळ्या सोन्याच्या, साध्या, जोड नसलेल्या. आणि त्याने ती मशीनवर घालायची नाही, एकही दिवस नाही. आता हे मी कशाच्या जोरावर सांगते ते ऐक.

माझे वडील गलाईवाले. तू मिरजेची, त्यामुळे तुला हे नवीन नाही. आपल्या जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. माझे वडील केरळात त्रिशूरला होते. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, खाली भट्टी आणि वर पोटमाळ्यावर आम्ही. मोडीचं सोनं आलं की ते आधी वजन करत, मग मुशीत आटवत. त्यात चांदी घालून सोन्याचं प्रमाण चौथाईवर आणायचं, त्याचे दाणे पाडायचे आणि तेजाबात उकळायचे. लालसर धूर निघायचा, आई आम्हाला खिडकीकडे ढकलायची. चांदी-तांबं विरघळून गेलं की तळाशी ओल्या मातीसारखी तपकिरी भुकटी राहायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटायचं नाही, पण तेच चोख सोनं. टाकणखार टाकून पुन्हा आटवलं की ते एकदम पिवळं होऊन मुशीत गोळा व्हायचं.

त्या मोडीत लग्नाच्या अंगठ्या फार यायच्या. तिकडच्या ख्रिस्ती घरांत नवऱ्याच्या अंगठीत बायकोचं आणि बायकोच्या अंगठीत नवऱ्याचं नाव कोरतात, आणि अंगठ्या बहुतेक बावीस कॅरेटच्या. मुशीत टाकण्याआधी वडील त्या माझ्या तळहातावर ठेवायचे. एक मला अजून आठवते. आतलं नाव स्पष्ट वाचता येत होतं, कारण आतला भाग बोटाला लागून असतो, तिथे घासायला काही नसतं. बाहेरून मात्र तळहाताच्या बाजूची पट्टी इतकी झिजली होती की नखाने दाबली तर वाकायची. आणि ती तुटली होती ती झिजलेल्या जागी नव्हे, तर शेजारीच, जोडावर. वडिलांनी भिंग दिलं. तुटलेल्या टोकाला सोन्याचा रंग वेगळा दिसत होता, जरा फिका. पट्टी वळवून टोकं जोडताना लावलेला तो डाक. डाक लवकर वितळावा म्हणून तो कमी कसाचा करतात. अंगठी बावीसची, पण तिचा जीव त्या जोडात.

हे लांबवर सांगितलं, कारण यातच तुझं निम्मं उत्तर आहे. दुकानात कॅरेट विचारशील तेव्हा लगेच दुसरा प्रश्न विचार: अंगठीला जोड आहे का? साध्या वळ्यासारख्या अंगठ्या नळीतून कापून, कातून करता येतात, त्यांना जोडच नसतो. तशी मिळत असेल तर तीच घे. पट्टी वळवून केलेली असेल तर जोडाची जागा दाखवा म्हणावं. चांगला कारागीर ती न लाजता दाखवतो.

आता कॅरेटचं. चोवीस म्हणजे चोख, बावीस म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, अठरा म्हणजे ७५०, चौदा म्हणजे ५८५. बाकी चांदी, तांबं, कधी जस्त. चोख सोनं मऊ असतं. वेढणी घेतेस ना गुरुपुष्याला, तिला जरा जोर लावला तर ती हाताने वाकते. म्हणूनच ती घालायची नसते, ठेवायची असते. बावीसमध्ये थोडा कणखरपणा येतो आणि पिवळेपणा टिकतो. म्हणून ठुशी, पाटल्या, मंगळसूत्राच्या वाट्या बावीसमध्ये शोभतात. ठुशीला दिवसभर कोणी घासत नाही. पण अंगठी हा अंगावरचा सगळ्यात जास्त मार खाणारा दागिना आहे. दाराची कडी, बादलीची कडी, दुचाकीचं हँडल, बसची दांडी, सगळ्याला आधी ती लागते. अठरात तांबं-चांदी जास्त असल्याने ती चेपत नाही, तिचा गोल आकार मोडत नाही, ओरखडे कमी पडतात. तुझ्या सराफांनी जे सांगितलं ते खरं आहे, आणि त्यात त्यांचा फायदा कमीच आहे, कारण त्याच घाटाची अंगठी बावीसमध्ये दिली तर बिल मोठं होतं.

तुझ्या कामाबद्दल दोन-तीन गोष्टी. सॅनिटायझरने सोन्याला काही होत नाही, साबणानेही नाही, फक्त आत साबण साचतो तो ब्रशने काढायचा. पण वॉर्डात फरशी आणि भांडी पुसायला जे हायपोक्लोराइट वापरतात, त्यापासून अंगठी लांब ठेव. क्लोरीन सोन्याला सोडून त्यातल्या मिसळीच्या धातूंना खातो. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर इथे बावीस वरचढ आहे, कारण त्यात मिसळ कमी. अठराला हा त्रास थोडा जास्त, चौदाला त्याहून जास्त. म्हणून चौदा मी तुला सुचवत नाही. ब्लीचचं काम असेल तेव्हा हातमोजे तर तू घालतेसच, पण ते काम लांबणार असेल तर आधी अंगठी काढ.

दुसरी गोष्ट पाऱ्याची. आता पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपीची यंत्रं कमी झाली, पण जुनं एखादं अजून कपाटात असतं. पारा सोन्यात लगेच शिरतो आणि सोनं पांढरं पडतं. त्रिशूरला एक नर्सबाई अशीच पांढरी झालेली अंगठी घेऊन आल्या होत्या, घाबरून, कोणी फसवलं म्हणून. वडिलांनी एका नजरेत ओळखलं आणि विचारलं, थर्मामीटर फुटला होता का? त्यांनी ती अंगठी लगेच विस्तवावर धरली नाही, कारण पाऱ्याची वाफ विषारी. तुझ्या बाबतीत कधी असं झालंच तर घरी गॅसवर धरून तापवू नको आणि चिमट्याने खरवडू नको. बंद डबीत घालून जाणत्या माणसाकडे ने.

खडा नको म्हणालीस ते उत्तम केलंस. खड्याच्या खाचेत घाण साचते, मोजे फाटतात, आणि रुग्णालयात खड्याच्या अंगठीला हात धुताना अडचणच असते. माझ्या स्वतःच्या साखरपुड्याच्या अंगठीत माणिक होतं, सोनं बावीसचं. खडा धरून ठेवणारी बावीसची नखं मऊ. दुसऱ्या वर्षी कपडे पिळताना एक नख वाकलं आणि माणिक कधी गेलं ते कळलंही नाही. ज्यांनी ती केली त्या दुकानाने "वापर जपून करायचा" एवढंच उत्तर दिलं. वीस वर्षं झाली, अजून वाईट वाटतं. ते माणिक माझ्या सासूबाईंचं होतं.

आता त्याच्याकडे येते, आणि इथे तू माझं नीट ऐकावंस. लेथवर अंगठी घालून काम करायचं नसतं. फिरत्या चकमध्ये, म्हणजे नग धरून फिरवणाऱ्या पकडीत, किंवा कडेला अंगठी अडकली की मशीन थांबत नाही, बोट थांबतं. सबंध बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघालेले रुग्ण तू कदाचित रुग्णालयात पाहिले असशील. अशा वेळी कमी कॅरेट म्हणजे जास्त घट्ट धातू, तो तर लवकर तुटतही नाही. म्हणजे त्याच्या अंगठीचा प्रश्न टिकाऊपणाचा आहेच, पण त्याआधी हा आहे. कामावर निघताना ती घरी देवघरात ठेवायची, नाहीतर बॅगेत झाकणाच्या छोट्या डबीत. खिशात सुटी नको, खिशातली अंगठी रुमालाबरोबर बाहेर पडते. "कामावर अंगठी काढतो म्हणजे काय" असं कोणी विचारलं तर तूच पुढे होऊन उत्तर दे, त्याला एकट्याला देऊ नको.

मग ती रोज आठ तास काढून ठेवणार असेल तर बावीसची का नको, असं तू म्हणशील. सतत काढण्याघालण्याचाही अंगठीवर ताण असतो, आणि त्याच्या हातांना मशीनबाहेरही जड काम आहे. पेचकस, पाने, लोखंडी सळ्या रोजच्याच. त्याच्यासाठीही अठराच.

पांढऱ्या सोन्याबद्दल त्याला समजावून सांग. पांढरं सोनं असा वेगळा धातू नाही. पिवळ्या सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून ते फिकं करतात आणि वरून ऱ्होडियमचा मुलामा देतात. तो मुलामा अंगठीवरून उतरतो, घासणाऱ्या हातावर लवकर उतरतो, मग खालचा मळकट पिवळसर रंग दिसतो आणि पुन्हा मुलामा द्यावा लागतो. शिवाय निकेलने काहींच्या बोटाला खाज सुटते, पुरळ येतं. त्याची आवड मोडायची नसेल तर घड्याळाच्या पट्ट्यात ती पुरी करा, अंगठीत नको.

आता आईकडे येऊ. आईचा "हलकं सोनं" हा शब्द मला फार जवळचा आहे, आणि आई चुकत नाहीये. तिच्या काळात हलकं सोनं म्हणजे फसवणूक. बावीस म्हणून विकलेलं, घरी आणलेलं, दहा वर्षांनी मोडायला नेलं की कसोटीवर अठरा-एकोणीस निघालेलं. वडिलांच्या गाळ्यात मी कितीतरी बायकांचे चेहरे त्या क्षणी पडलेले पाहिलेत. "केडीएम" म्हणून विकलेल्या दागिन्यांचंही तेच. केडीएम हा शुद्धतेचा शिक्का नाहीच, ती कॅडमियमच्या डाकाने जोडायची पद्धत, आणि त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसाला घातक. लोक मात्र ते ऐकून निर्धास्त व्हायचे. तेव्हा आईने अठरा हा आकडा ऐकला की तिला ती फसवणूक आठवते. तिला पटवताना "आई, तुला काही कळत नाही" असं चुकूनही म्हणू नको. तिला जे कळतं ते तिने पैसे देऊन शिकलेलं आहे.

पण बावीस म्हणून दिलेलं अठरा आणि अठरा म्हणून दिलेलं अठरा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जून २०२१ पासून आपल्याकडे टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. अंगठीच्या आत तीन खुणा शोध: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, त्रिकोणी चिन्ह, १८ कॅरेट आणि ७५० हा आकडा, आणि तो सहा अक्षरांचा क्रमांक. आईला दुकानात शेजारी बसव, तिच्याच मोबाइलवर बीआयएस केअर हे ॲप उघड आणि तो क्रमांक तिच्याच हाताने टाकायला लाव. दागिना कोणता, किती कॅरेटचा, कुठल्या केंद्रात तपासला, ते समोर येतं. हे ज्या दिवशी आई स्वतः पाहील त्या दिवशी तिचा अर्धा विरोध मावळेल.

एक सावधगिरी. "हॉलमार्क आहे" एवढ्यावर समाधान मानू नको. हॉलमार्क वेगवेगळ्या कॅरेटना मिळतो, चौदालाही मिळतो, आणि २०२५ पासून तर नऊ कॅरेटलाही. हॉलमार्क म्हणजे जे लिहिलंय ते आत आहे याची ग्वाही. काय लिहिलंय ते तूच वाचायचं. आणि दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला ही सक्ती नाही. तुझी अंगठी अगदी नाजूक करायची ठरवलीस तर हे लक्षात ठेव, आणि नाजूक करूच नको. रोजच्या अंगठीला अंग हवं.

दुकानात जे यंत्र ठेवून कॅरेट दाखवतात, त्याचा उपयोग आहे, पण ते वरवरचं वाचतं. वरचा मुलामा जाड असेल तर त्याला तो चकवू शकतो. शंका आली तर बीआयएसच्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात सामान्य ग्राहकही दागिना नेऊ शकतो, चार नगांपर्यंत २०० रुपये लागतात. शिक्क्यावरच्या कसापेक्षा कमी सोनं निघालं तर तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च देण्याची तरतूद नियमात आहे. बिल नसेल तर यातलं काही हाती लागत नाही, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर सोनं घेऊ नको, कितीही ओळखीचे असोत.

आता बांगडी. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. एकच बांगडी म्हणतेस, म्हणजे जोडीतली दुसरी कोणाकडे तरी गेली असणार. मोडण्याआधी एकदा त्या घरी विचार. कधीकधी जोड पुन्हा जमतो, आणि मोडलेली बांगडी पुन्हा आजीची होत नाही. हे विचारून झालं आणि तरी मन अंगठ्यांवरच असेल, तर मग बिनदिक्कत मोड. आजीचं सोनं तुमच्या दोघांच्या बोटात जाणं मला मनापासून आवडेल.

पण हिशेब करून. आठ ग्रॅमची बांगडी खरोखर बावीसची निघाली तर तिच्यात चोख सोनं साधारण ७.३३ ग्रॅम. त्यातून अठरा कॅरेटचं सोनं होतं पावणेदहा ग्रॅमच्या आसपास, घट म्हणजे आटवताना-घडवताना वाया जाणारं सोनं सोडून. त्याची अंगठी पाच ग्रॅमची आणि तुझी साडेतीनची धरली तर साडेआठ ग्रॅम लागले. दोन्ही होऊन थोडं उरतं. आता त्याच घाटाच्या, त्याच जाडीच्या अंगठ्या बावीसमध्ये केल्यास तर सोनं जड असल्याने त्यांचं वजन भरेल जवळजवळ पावणेदहा ग्रॅम. बांगडी आठची, म्हणजे पावणेदोन ग्रॅम बाहेरून विकत घ्यावं लागेल. बघ, अठरा घेतलंस तर दोघांच्या अंगठ्यांत आजीच्याच बांगडीचं सोनं असेल, बाहेरचं काही घालावं लागणार नाही. आईला हे सांगितलंस तर मला वाटतं तिला ते भावेल.

बांगडी बावीसचीच निघेल असं मात्र धरून चालू नको. जुन्या कामात डाक जास्त असायचा, कधी आत लाख भरलेली असायची. वीस कॅरेट भरली तरी चोख सोनं ६.६६ ग्रॅम आणि त्यातून अठराचं पावणेनऊ ग्रॅमहून थोडं जास्त. तुमच्या अंगठ्या त्यातही बसतात, फक्त घटीला जागा कमी राहते. आधी केंद्रात तपासून घे, कागद हातात घे आणि मग सराफाकडे जा. मोठ्या पेढीत जुनं देऊन नवं घेतलंस तर तुझं सोनं दुसऱ्याच्या मुशीत जातं आणि तुला दुसऱ्याचं मिळतं. व्यवहार म्हणून त्यात काही गैर नाही. पण तुला आजीचंच हवं असेल तर तुझ्यासमोर आटवून त्याच सोन्याच्या अंगठ्या घडवून देणारा आणि हॉलमार्क करून देणारा नोंदणीकृत सराफ शोध. हॉलमार्क त्याच्यामार्फतच होतो, तुला परस्पर करून घेता येत नाही. आटवताना तिथे थांब. मूस थंड झाल्यावर वजन कर, आणि पहिल्या वजनात आणि त्यात किती फरक पडला ते लिहून ठेव.

पैशाचं फार सांगत नाही. भाव विचारताना "आज अठराचा काय" असंच विचार, "सोन्याचा काय" असं नको. हिशेबाच्या सोयीसाठी चोख सोन्याचा भाव तोळ्याला एक लाख धरला तर बावीसचा ९१,६०० आणि अठराचा ७५,००० यायला हवा. अठराचा भाव यापेक्षा बराच वर सांगितला तर आत "घट" म्हणून काहीतरी घातलेलं आहे, ते वेगळं काढून दाखवा म्हण. घडणावळ साध्या अंगठीला कमीच असायला हवी, त्यावर घासाघीस कर, लाजू नको. हॉलमार्कचे नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर, आणि सोन्यावरचा ३ टक्के जीएसटी. बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कची फी लिहिलेली असलीच पाहिजे. मोडताना अठराचे पैसे कमी मिळतात हे खरं, पण ते कमी पैसे देऊनच घेतलेलं असतं.

माप संध्याकाळी दे, दिवसभराचं काम झाल्यावर. सकाळचं बोट बारीक असतं, आणि तुझी ड्यूटी उभ्याने. अंगठी बोटाच्या पेरावरून किंचित अडकून जावी, सरकन नको. हॉलमार्क व्हायच्या आधी माप पक्कं कर. नंतर लहान-मोठी करायची म्हणजे कापायची, डाक लावायचा, आणि जिथे कापतील तिथे शिक्का असेल तर तोही जायचा. म्हणजे जोड नसलेली अंगठी घेतलीस ते फुकट. आत नाव कोरायचं असेल तर लेझरने बारीक कोर आणि शिक्क्यापासून लांब.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचं "आमच्याकडे सगळं बावीसचंच असतं" हे मला टोमणा वाटत नाही, कदाचित त्यांना विचारलं जावं एवढंच हवं असेल. अंगठ्या घेऊन झाल्यावर बिलावर अठरा दिसलं आणि त्यांना तिसऱ्याकडून कळलं, तर ते वर्षानुवर्षं खुपेल. आधी जा, एकटी जा, आणि सरळ सांग: आई, ह्यांचं काम असं आहे, माझं काम असं आहे, बावीसची वाकेल म्हणून अंगठ्या अठराच्या करतेय, आणि सोनं माझ्या आजीच्या बांगडीचं आहे. मंगळसूत्राच्या वाट्या मात्र बावीसच्या, त्या निवडायला तुम्ही माझ्याबरोबर चला. आणि तुझ्या आईला जावयाचा मान करायचाच असेल, तो तिचा हक्क आहे, तर साखरपुड्याला नको, दिवाळसणाला चोवीस कॅरेटची वेढणी दे म्हणावं. ती बोटात घालायची नाही, कपाटात ठेवायची. तिथे चोखच शोभतं.

मशीनवरच्या डबीचं विसरू नको. आतून कापड लावलेली, घट्ट झाकणाची, आणि नेहमी बॅगेच्या त्याच कप्प्यात. अंगठीच्या आधी ती घेऊन ठेव.

तुझी,
ताई